व्याही सेव्हिलचे, विहीण बडोद्याची: नात्यांचं स्पॅनिश कसं शिकावं

२८ ऑक्टोबर २०२४ला बडोद्यात टाटांच्या विमान कारखान्याचं उद्घाटन झालं. आपल्या पंतप्रधानांसोबत स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेस त्यासाठी आले होते. एकूण ५६ सी-२९५ विमानं, त्यांतली १६ स्पेनमधल्या सेव्हिलहून तयार होऊन येणार आणि ४० इथे बनणार, असा तो करार. तेव्हापासून बडोद्यात स्पॅनिशचं नाव काढलं की लोकांना नोकरी आठवते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांत मात्र दुसरीच एक मंडळी आहेत. मुलाने किंवा मुलीने तिकडे सोयरीक जमवली आहे, पाहुणे लग्नाला येणार आहेत, आणि आईवडिलांना निदान घरच्यांची ओळख त्यांच्या भाषेत करून द्यायची आहे. परीक्षा नको, व्याकरणाचं पुस्तक नको. कोण कोणाचा कोण, एवढं सांगता आणि समजता यावं. हा लेख त्यांच्यासाठी.

नात्यांच्या याद्या इंटरनेटवर ढिगाने सापडतात. पण कोणता शब्द उल्लेखाचा आणि कोणता हाकेचा, हे यादी सांगत नाही. आपल्याकडे सून शेजारणीशी बोलताना 'सासूबाई' म्हणते आणि समोर गेली की 'आई' म्हणते. दीर हा शब्द हाकेत येतच नाही, तिथे भावोजी असतात. स्पॅनिशमध्येही असे दोन कप्पे आहेत, फक्त त्यांची वाटणी वेगळी आहे. ती लक्षात ठेवून शिकलात तर चाळीसेक शब्दांत काम भागतं.

आधी जीभ

इंग्रजी वाचायची सवय बाहेर ठेवा, कारण मराठी जीभ स्पॅनिशला जास्त जवळची आहे. त्यांचे त आणि द आपल्यासारखेच दाताला जीभ लावून होतात, ट-ड नव्हे. प आणि क यांत हवा सोडायची नाही. स्वर पाचच: आ, ए, ई, ओ, ऊ. आपला मोकळा 'अ' त्यांच्याकडे नाही, म्हणून आजीला 'अब्वेला' नाही, 'आब्वेला' म्हणायचं.

बाकी चार-पाच गोष्टी. शब्दातला एच लिहितात पण बोलत नाहीत: भाऊ म्हणजे एर्मानो. जे हे अक्षर घशातून खरखरीत निघतं, उर्दूतल्या 'ख़बर'सारखं. या लेखात ते टिंब दिलेल्या ख़ ने दाखवलं आहे. मुलगा ईख़ो, मुलगी ईख़ा. व्ही आणि बी यांचा उच्चार एकच, ब. एनवर लाटेसारखी रेघ दिसली की न्य. झेड, आणि ए-ई या स्वरांआधीचा सी, हे माद्रिदकडे जीभ दातांत धरून थ सारखे बोलतात. सेव्हिल शहरात आणि अख्ख्या लॅटिन अमेरिकेत साधा स चालतो. तुम्ही स बोला, सगळ्यांना कळतं.

जोर कुठे द्यायचा हे मात्र मनावर घ्या. स्वराने संपणाऱ्या शब्दात तो शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो. दुसरीकडे यायचा असेल तर लिहिताना स्वरावर तिरकी खूण असते. वडिलांना हाक मारायचा शब्द पापा, जोर दुसऱ्या 'पा'वर. तो पहिल्यावर पडला तर स्पेनमध्ये पोप होतात आणि लॅटिन अमेरिकेत बटाटा.

मग कागद

एक मोठा कागद आडवा धरा. मधोमध मुलीचं आणि जावयाचं (किंवा मुलाचं आणि सुनेचं) नाव लिहा. वर आईवडील, त्यांच्यावर आजी-आजोबा, बाजूला भावंडं. छापील वंशवृक्ष नको, स्वतःच्या घरातली खरी माणसं हवीत. आता प्रत्येक नावाखाली स्पॅनिश शब्द लिहीत चला.

रक्ताची नाती पटकन उरकतील. वडील पाद्रे, आई माद्रे. पाद्री हा शब्द मराठीत पोर्तुगिजांकडून आला, तोही याच कुळातला, त्यामुळे पाद्रे विसरत नाही. भाऊ एर्मानो, बहीण एर्माना. थोरला असेल तर पुढे मायोर, धाकटा असेल तर मेनोर. आजोबा आब्वेलो, आजी आब्वेला. नातू न्येतो, नात न्येता. नवरा मारीदो, बायको मुख़ेर. एस्पोसो-एस्पोसा जरा औपचारिक वाटतात.

गाडी अडते ती काका-मामांपाशी. काका, मामा, आतोबा, मावसोबा हे चौघेही तीओ. काकू, मामी, आत्या, मावशी या सगळ्या तीआ. चुलत, मामे, आते, मावस अशी सगळी भावंडं प्रीमो आणि प्रीमा. भाचा असो की पुतण्या, सोब्रीनो, भाची-पुतणी सोब्रीना. कागदावरच्या डझनभर नावांखाली तोच तो शब्द पडायला लागला की लोकांना वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. चुकत नाही. फरक सांगायचाच असेल तर फोडून सांगायचा: मामा म्हणजे 'एल एर्मानो दे मी माद्रे', माझ्या आईचा भाऊ. आईकडचे आजोबा हवेत तर आब्वेलो मातेर्नो, वडिलांकडचे आब्वेलो पातेर्नो.

आपण चुलतभावालाही सरसकट भाऊ म्हणतो. तिकडे एर्मानो म्हणालात तर ऐकणारा सख्खाच धरेल, आणि तुमच्या आईला किती मुलं झाली याचा मनातल्या मनात हिशोब करत बसेल. प्रीमोच म्हणा. 'कझिन ब्रदर' म्हटलं की इंग्रजीवाले आपल्याला हसतात, पण स्पॅनिशमध्ये 'प्रीमो एर्मानो' हा अस्सल शब्द आहे. त्याचा अर्थ थेट काका-मामा-मावशी-आत्याचा मुलगा, दूरचा नव्हे.

अनेकवचनात पुरुषाचं रूप दोघांना मिळून वापरतात. ईख़ोस म्हणजे मुलगे-मुली सगळे, एर्मानोस म्हणजे भाऊ-बहिणी मिळून, तीओस म्हणजे काका-काकूंची जोडी, पाद्रेस म्हणजे आईवडील. 'क्वान्तोस एर्मानोस त्येने?' असं विचारलं तर बहिणी धरून आकडा सांगायचा. आणि पारिएन्तेस हा शब्द आईवडिलांचा वाटला तरी त्याचा अर्थ नातेवाईक. इंग्रजी आलेले हमखास इथे फसतात.

आपले शब्द त्यांच्या कानाला

हे कुठल्याही यादीत नसतं, पण लग्नघरात पहिल्याच दिवशी उपयोगी पडतं. आपल्या हाकेचे चार सगळ्यात नेहमीचे शब्द स्पॅनिश कानाला भलतंच काही सांगतात. 'मामा' ऐकू आलं की त्यांना आई आठवते, कारण त्यांच्याकडे आईला मामाच म्हणतात, फक्त शेवटच्या अक्षरावर जोर देऊन. 'आई' म्हटलं की 'आई' म्हणजे तिथे. ते वळून बघतील. 'बाबा' म्हणजे लाळ. आणि 'काका' म्हणजे लहान मुलांची शी.

म्हणून फेटा बांधलेल्या धिप्पाड गृहस्थांना पुढे करून 'हे मामा' म्हणू नका, आणि काकांची ओळख पाहुण्यांच्या पोरांसमोर तर आधी स्पॅनिश शब्दानेच करा: 'एस्ते एस एल तीओ', मग नाव. हसू आलंच तर येऊ द्या, पण कारण दोन्ही बाजूंना ठाऊक असलेलं बरं. जावयाला हे आधी सांगून ठेवा, तो त्याच्या घरच्यांना बजावून ठेवील. बडोद्यात आणखी एक गोष्ट सांभाळायची. आपण गुजराती सवयीने नावांना भाई आणि बेन चिकटवतो. पाहुण्यांना तो नावाचाच भाग वाटतो आणि पुढे पत्रांवर तसंच लिहून येतं.

सासर

सासरा स्वेग्रो, सासू स्वेग्रा, दोघं मिळून स्वेग्रोस. जावई येर्नो. सून न्वेरा. हे चार शब्द या लेखाचा कणा, पक्के करा. पाठ करायला एक आधार देते. सासू हा आपला शब्द संस्कृत श्वश्रूपासून आला आणि स्वेग्रा लॅटिन सोक्रुसपासून. दोन्हींचं मूळ एकच. सून आली स्नुषेपासून, न्वेरा आली नुरुसपासून, त्यांचंही मूळ एकच. नातू आणि न्येतो यांचंही तसंच. हजारो वर्षांपूर्वी ही नाती ज्या एका भाषेत होती तिची दोन टोकं बडोद्यात भेटतायत म्हणा ना. येर्नोला असा आधार कानाला सापडत नाही, तो नुसता घोका.

दीर, नणंद, मेहुणा, मेहुणी, वहिनी, भावोजी या सगळ्यांना मिळून दोनच शब्द: कुन्यादो आणि कुन्यादा. बोलताना शेवटचा द गळतो आणि कुन्याओ ऐकू येतं, विशेषतः स्पेनमध्ये. दोन घरांतली माणसं समोर असताना हा शब्द अपुरा पडतो, तेव्हा पुन्हा फोड करायची: थोरले दीर म्हणजे 'एल एर्मानो मायोर दे मी मारीदो'. स्पेनमध्ये कुन्याओला आणखी एक अर्थ चिकटला आहे, जेवणाच्या टेबलावर प्रत्येक विषयात अक्कल पाजळणारा माणूस. कोणी हसत हसत कोणाला कुन्याओ म्हणालं तर नातं शोधत बसू नका.

सासूची थट्टा तर दोन्हीकडे. आपण ज्याला स्नेक प्लांट म्हणून बाल्कनीत ठेवतो त्याला ते लेन्ग्वा दे स्वेग्रा, सासूची जीभ, म्हणतात. नववर्षाच्या रात्री फुंकायच्या कागदी पुंगीचं नाव आहे मातास्वेग्रास, म्हणजे सासवांना मारणारी. विहिणीच्या हातात अशी पुंगी दिसली तर राग मानू नका.

सासरची मंडळी म्हणायचं तर फामील्या पोलीतिका. शब्दशः 'राजकीय कुटुंब' होतं आणि वर्गात यावर हमखास हशा पिकतो, पण तिकडे ऐकताना कोणालाच राजकारण आठवत नाही. सून म्हणजे ईख़ा पोलीतिका, सासरे पाद्रे पोलीतिको, असंही म्हणतात, पण ते कागदोपत्री शोभतं; घरात न्वेरा आणि स्वेग्रोच.

तिकडे दुसरं लग्न, किंवा लग्नाशिवाय एकत्र राहणं यात लपवण्यासारखं काही नसतं. जावयाने 'ला मुख़ेर दे मी पाद्रे' अशी ओळख करून दिली तर ती त्याच्या वडिलांची बायको आहे, त्याची आई नव्हे, हे समजून घ्यावं. पारेख़ा म्हणजे जोडीदार, लग्न झालेला असो वा नसो. पाद्रास्त्रो, माद्रास्त्रा हे सावत्र वडील-आईसाठी शब्द आहेत, पण कानाला कडू लागतात. तुम्ही होऊन वापरू नका.

व्याही, साडू, जाऊ

इंग्रजीत व्याह्यांना शब्द नाही. परदेशी पाहुण्यांना 'माझ्या मुलीच्या नवऱ्याचे वडील' असं लांबलचक समजावून आपण दमतो. स्पॅनिशमध्ये तो दम घ्यायची गरज नाही. व्याही कोन्स्वेग्रो, विहीण कोन्स्वेग्रा, दोघं मिळून कोन्स्वेग्रोस. आपल्या बडोद्यातल्या वेवाई-वेवाणींची जागा तंतोतंत हीच. स्वेग्रोच्या आधी 'सह' अर्थाचा कोन लावला, झालं. तेही एकाच मुलाचे सासरे आणि वडील या नात्याने बांधलेले लोक, म्हणून बरोबरीचे.

साडू आणि जाऊ हेही आहेत. बायकोच्या बहिणीचा नवरा कोन्कुन्यादो. नवऱ्याच्या भावाची बायको कोन्कुन्यादा. मेक्सिकोकडे कोन्कून्यो म्हणतात. जावा-जावा बोलत बसल्या असतील तर 'सोमोस कोन्कुन्यादास', आम्ही जावा आहोत, एवढ्या वाक्यावर समोरची मान डोलावते. हा शब्द थोडा सैल आहे: नवऱ्याचा भाऊ आणि बायकोचा भाऊ यांच्या आपसातल्या नात्यालाही तो चालतो, ज्याला मराठीतही नेमका शब्द नाही.

माझा आग्रह असा की आईवडिलांनी शिकायची सुरुवात कोन्स्वेग्रोपासून करावी. मुलांना येर्नो-न्वेरा लागतात, तुम्हाला व्याही लागणार आहेत. शिवाय तिकडे हा शब्द हाकेतही चालतो, थोड्या लाडाने, थोड्या थट्टेने. विमानतळावर 'ब्येनबेनीदोस, कोन्स्वेग्रोस' म्हणालात, म्हणजे या व्याही-विहीणबाई, की अर्धा अवघडलेपणा तिथेच संपतो.

हाक काय मारायची

आपल्याकडच्यांना इथेच जास्त जड जातं. स्पेनमध्ये सून सासूला नावाने हाक मारते. कार्मेन असेल तर कार्मेन. 'मामा' म्हणणाऱ्या सुना असतात, पण ती रीत नव्हे, आवडनिवड. स्वेग्रा ही हाक नसते, निदान तोंडावर नसते; क्वचित कोणी गमतीने मारतं, पण ती मोकळीक मिळवावी लागते. म्हणजे तुमचा जावई तुम्हाला थेट नावाने बोलवू लागला तर त्याने अपमान केलेला नाही. आईबाबा म्हणायला तुम्ही शिकवलंत तर तो आनंदाने म्हणेल, फक्त वर सांगितलेली 'तिथे' आणि 'लाळ' यांची भानगड आठवून त्याला एकदा हसून घेऊ द्या.

तू आणि तुम्ही यांची सोय त्यांच्याकडे आहे. तूला ते तूच म्हणतात, उच्चारासकट. आदराला उस्तेद, त्यात क्रियापद तृतीय पुरुषी येतं. स्पेनमध्ये उस्तेद झपाट्याने मागे पडतं, बरोबरीचे व्याही पहिल्याच दिवशी 'तुतेआमे', मला तू म्हण, असं सांगतील. कोलंबियात अनेक घरांत मात्र उस्तेद घरच्यांशीही टिकून आहे. वाट एकच: उस्तेदने सुरू करा, ते उतरले की तुम्ही उतरा. वयस्कर आजींना आदर दाखवायचाच तर दोन्या कार्मेन; आजोबांना दोन आणि नाव. आडनावापुढे दोन-दोन्या लावत नाहीत, जसं आपण ताई किंवा राव नावालाच जोडतो.

मुलांच्या तोंडी तीओ आणि पुढे नाव, ही हाक दोन्हीकडे सारखी. सेव्हिलकडे लाडाने तीतो-तीता. पण मोठ्या माणसाने दुसऱ्या मोठ्या माणसाला नुसतं 'तीओ' म्हणणं म्हणजे 'अरे यार'. आपल्या 'काय काका'च्या सवयीने अनोळखी गृहस्थांना तीओ म्हणू नका.

चार वाक्यं, त्यांतले दोन खड्डे

ओळखीसाठी फार वाक्यं लागत नाहीत.

एस्ते एस मी स्वेग्रो. (हे माझे सासरे.)
एस्ता एस मी न्वेरा. (ही माझी सून.)
एस्तोस सोन मीस पाद्रेस. (हे माझे आईवडील.)
तेन्गो दोस ईख़ास. (मला दोन मुली आहेत.)

'मी' म्हणजे माझा, माझी, माझं. मराठी डोकं इथे अडखळतं, कारण 'मी माद्रे' ऐकून 'मी आई' वाटतं. आठवडाभर रोज मोठ्याने म्हणा, सुटतं. लिंगानुसार तो बदलत नाही, अनेकवचनात मीस होतो. तुझा म्हणजे तू, पुन्हा तोच उच्चार. त्याचा, तिचा, त्यांचा आणि आदरार्थी तुमचा या चारींना एकच सू, हा पहिला खड्डा. लग्नघरात 'सू माद्रे' म्हणालात तर कोणाची आई हा प्रश्न उरतोच. त्यापेक्षा नाव घालून 'ला माद्रे दे सोनाली' म्हणा.

दुसऱ्या खड्ड्यात मराठी माणूस पडत नाही, इंग्रजीतून शिकणारा पडतो. स्पॅनिशमध्ये कर्म माणूस असेल तर आधी आ लावतात, वस्तू असेल तर नाही. आपण 'पुस्तक पाहिलं' पण 'मामाला पाहिलं' म्हणतो, तोच न्याय. ला ऐवजी आ, आणि नामाच्या आधी. याने अर्थ कसा पालटतो बघा: 'क्येरो उना न्वेरा' म्हणजे मला एक सून हवी आहे. 'क्येरो आ मी न्वेरा' म्हणजे माझं माझ्या सुनेवर प्रेम आहे. पहिलं वाक्य लग्नाआधीचं, दुसरं नंतरचं. भर मांडवात अदलाबदल नको.

भेटल्यावर पुरुषाने एन्कान्तादो, बाईने एन्कान्तादा, म्हणजे भेटून आनंद झाला. बोलणाऱ्याप्रमाणे रूप बदलतं, आपल्या आलो-आलेसारखं. स्पेनच्या बायका गालाला गाल लावून दोनदा चुंबनाचा आवाज करतात. नको असेल तर तुम्ही आधी हात जोडा; नमस्कार वेळेवर केला की कोणी पुढे सरसावत नाही.

आडनावं आणि पत्रिका

पत्रिका छापायला टाकण्याआधी हे वाचा. स्पेनमध्ये माणसाला दोन आडनावं असतात, पारंपरिक रीतीने पहिलं वडिलांचं पहिलं आणि दुसरं आईचं पहिलं. लग्नानंतर बाई आडनाव बदलत नाही. समजा व्याही गार्सीआ लोपेस आणि विहीणबाई मार्तीनेस रुईस, तर जावई गार्सीआ मार्तीनेस. एकाच घरात तीन वेगळ्या जोड्या. १९९९च्या कायद्याने आईचं आडनाव आधी लावायची मुभा दिली, आणि जून २०१७पासून क्रम काय ते आईवडील मिळून ठरवतात. म्हणून अंदाज करू नका, विचारा. पत्रिकेवर 'श्री. व सौ. गार्सीआ' छापलंत तर विहीणबाई त्या नावाने स्वतःला ओळखणार नाहीत. दोघांची पूर्ण नावं स्वतंत्र लिहा.

उलट बाजूनेही घोळ होतो. आपलं मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं, हे त्यांना माहीत नसतं. तीन शब्दांचं नाव दिसलं की ते पहिलं नाव आणि पुढची दोन आडनावं धरतात. सोनाली सुरेश कुलकर्णी ही त्यांच्या फॉर्मवर सुरेश आडनावाची होते. विवाह नोंदणीचे आणि व्हिसाचे कागद करताना नाव आणि आडनाव हे रकाने पासपोर्टप्रमाणेच भरा, आणि मधलं नाव वडिलांचं आहे हे तिकडच्या कचेरीत आधीच सांगून टाका.

कुठलं स्पॅनिश

व्याही कुठले, यावर थोडं अवलंबून आहे. बार्सिलोना-वॅलेन्सियाकडे आजीला याया म्हणतात. घरात कातालान, म्हणजे तिकडची वेगळी भाषा, बोलत असतील तर शब्दच वेगळे. स्पॅनिश त्यांना येतंच, पण सासूला सोग्रा म्हटलंत तर खुश होतील. बिल्बाओकडची बास्क घरं असतील तर वडील आइता, आई आमा. बास्कमध्ये बहिणीला शब्द बोलवणाऱ्याप्रमाणे बदलतो: बाईची बहीण आइस्पा, पुरुषाची बहीण आरेबा. दीर-मेहुणा वेगळे ठेवणाऱ्या आपल्या लोकांना हे ऐकून बरं वाटतं.

मेक्सिकोच्या घरी माद्रे जपून. तिथे या शब्दाच्या कडेला शिव्या चिकटल्या आहेत, 'तू मामा' म्हणणं सुरक्षित. अर्जेंटिनात तूऐवजी बोस. बाकी वर दिलेले शब्द सगळीकडे चालतात.

सराव

ऍपवर सफरचंद-मांजर शिकत बसू नका. लग्नाचे, मुंजीचे जुने अल्बम काढा. प्रत्येक फोटोच्या मागे किंवा शेजारी चिकटचिठ्ठीवर स्पॅनिशमध्ये कोण ते लिहा, पण दोन नात्यांनी: मामा हे मुलीचे तीओ आणि तुमचे एर्मानो किंवा कुन्यादो. बोट ठेवून मोठ्याने म्हणा. एकच माणूस दोन शब्दांनी म्हणता आला की तो पक्का झाला. शब्दाबद्दल शंका आली तर रेआल आकादेमिया एस्पान्योला या स्पॅनिश भाषेच्या अधिकृत संस्थेचा कोश इंटरनेटवर फुकट आहे. ही संस्था १७१३ची, नात्यांच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा धरायला हरकत नाही.

मग व्हॉट्सॲपवर जावयाला आवाजी निरोप पाठवा, रोज एका नातेवाइकाचा. लेखी नको. त्याने सुधारून परत पाठवला की तसाच पुन्हा म्हणा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दोन्ही घरांचा व्हिडिओ कॉल ठेवा, साधारण असा:

– ओला, कोन्स्वेग्रा. के ताल?
– मुई ब्येन. इ तू?
– ब्येन. मीरा, एस्ते एस मी एर्मानो. एस एल तीओ दे सोनाली.
– एन्कान्तादा. ¿इ एस्ता?
– एस्ता एस सू मुख़ेर. ला तीआ.

पाच ओळी, आणि त्यांत मामा-मामी दोघं आटोपली, मामा हा शब्द न उच्चारता. 'सू मुख़ेर' इथे चालून गेलं कारण मामा शेजारीच बसले आहेत.

लग्नाच्या दिवसासाठी आणखी तीन शब्द. नवरा मुलगा नोब्यो, नवरी नोब्या (प्रियकर-प्रेयसीलाही हेच, त्यामुळे जुनी ओळख आणि नवं लग्न एकाच शब्दात येतात). लग्न म्हणजे बोदा. त्यांच्या चर्चमधल्या लग्नात नवरीचे वडील पाद्रीनो आणि नवऱ्याची आई माद्रीना म्हणून वेदीपर्यंत सोबत जातात. मामा अंतरपाटाशी मुलीला घेऊन येतो तेव्हा पाहुणे विचारतील की हाच पाद्रीनो का. 'सी, मास ओ मेनोस', साधारण तसंच, एवढं उत्तर पुरे.

कानपिळीचं मात्र आधी सांगून ठेवा, नाहीतर व्याह्यांना भांडण झालं असं वाटेल. वाक्य हे: 'एल एर्मानो दे ला नोब्या ले त्वेर्से ला ओरेख़ा आल नोब्यो.' नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो. शेवटी 'एस त्रादिस्योन' जोडा, म्हणजे ही रीत आहे. हे वाक्य मुलीच्या भावाकडूनच घटवून घ्या, कान त्याला पिळायचा आहे.